ट्रंकेतली रेल्वे
छंदाचा कोपरा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरात मांडून चालवायच्या छोट्या रेल्वेच्या जुन्या इंग्रजी मासिकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रे फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात. हे अंक ठेवायचे कशाला, आणि त्यातल्या पद्धती आज चालतात का? म्हणून या वेळचे सदर सगळे त्यांनाच दिले आहे.

माझे सासरे मुरगाव बंदरात नोकरीला होते. ते गेल्यावर माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. आत १९५० ते १९६५ च्या दरम्यानचे 'मॉडेल रेलरोडर' आणि 'रेल्वे मॉडेलर' या मासिकांचे अंक आहेत, तळाशी थोडे रूळ आणि एक जड ट्रान्सफॉर्मर. पानांना कुबट वास येतो. घरचे म्हणतात, रद्दीत घाला. मला इंग्रजी बऱ्यापैकी येते, रेल्वेचे काही कळत नाही. काय करू? (एक वाचक भगिनी, सावर्डे)

ताई, रद्दीवाल्याला बोलावू नका. आणि तो ट्रान्सफॉर्मर आधी बाजूला ठेवा, कुणालाही प्लगला लावू देऊ नका. अमेरिकन असेल तर तो १२० व्होल्टसाठी बनवलेला, आपल्या घरात २३० व्होल्ट. ब्रिटिश असला तरी साठ वर्षांत वायरीवरचे रबर तडकून सुटलेले असते. आठवण म्हणून कपाटात शोभेल, वीज मात्र नको.

आता कागद. तुमच्याकडे पावसात भिंतींनाही पाणी सुटते, त्यामुळे ट्रंक जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. अंक उन्हात वाळत घालण्याचा मोह होईल, पण कडक उन्हाने ते पिवळे आणि ठिसूळ होतात. सावलीत, पंख्याखाली, पाने थोडी उघडून उभे ठेवा. चिकटलेली पाने ओढून सोडवायला जाऊ नका. त्या काळच्या गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतो, तो ओला होऊन सुकला की पाने एकजीव होतात आणि ओढली की छपाईच निघून येते. बुरशी असेल तर नाकाला फडके बांधून, उघड्यावर, मऊ ब्रशने झाडा. मधल्या पिना गंजल्या असतील तर आतून बोथट सुरीने पाय सरळ करून अलगद काढा आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवून घ्या. पूर्ण सुकल्यावरच कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ओलसर अंक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे सगळ्यात वाईट.

आणि रेल्वेचे कळत नाही म्हणता, तर सुरुवात जाहिरातींपासून करा. त्या वगळू नका. कुठला डबा सुट्या भागांत मिळायचा, कुठली वस्तू मिळतच नव्हती, माणसे काय स्वतः करत आणि काय विकत घेत, हे सगळे जाहिराती सांगतात. 'मॉडेल रेलरोडर' अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातून जानेवारी १९३४ मध्ये निघाले, 'रेल्वे मॉडेलर' ब्रिटनमध्ये १९४९ साली. दोन्हींच्या जुन्या अंकांत एक गोष्ट सारखी आहे. लिहिणारा बहुधा नोकरदार माणूस असतो, संध्याकाळी टेबलावर बसून काहीतरी करतो, आणि ते दुसऱ्यालाही करता यावे म्हणून मोजमापासकट सांगतो. तुमच्या सासऱ्यांनी समासात पेन्सिलीने आकडे मांडले असतील तर ती पाने आधी पाहा. ते काय बनवत होते, हे तिथेच कळेल.

या अंकांची खरी किंमत सांगायची तर जॉन अ‍ॅलन यांचेच उदाहरण घ्यावे लागेल. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेमध्ये घराच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगरदऱ्यांची रेल्वे उभी केली. व्यवसायाने ते छायाचित्रकार, त्यामुळे धूळ, गंज, पावसाने फिकटलेला रंग हे सगळे त्यांनी डब्यांवर आणले. तोपर्यंत लोक डबे चकचकीत ठेवत. १९७३ साली ते गेले, आणि थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत ती रेल्वेही गेली. आज तिच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे मासिकांत छापलेल्या फोटोंमुळे. तुमच्या ट्रंकेत त्यातले एखादे पान असण्याची चांगली शक्यता आहे.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राच्या काकांकडचे १९६० च्या दशकातले अंक चाळले. मजा आली, पण प्रश्न पडला. आज डोंगर फोमचा कापता येतो, इमारती थ्रीडी प्रिंटरवर निघतात, रूळ तयार मिळतात. मग प्लास्टर कालवणे आणि हाताने रूळ बसवणे शिकायचे कशासाठी? (एक विद्यार्थी, फोंडा)

प्रिंटर जरूर वापर. मला त्याचे वावडे नाही. पण तू फोंड्याचा आहेस, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुराचा पुतळा बांधला असशील, निदान बांधताना पाहिला असशील. बांबू-तारेचा सांगाडा, त्यावर चुरगळलेली वर्तमानपत्रे, वर खळ लावलेल्या कागदाचे थर. त्या अंकांत डोंगर करण्याची जी पद्धत आहे, ती हीच, फक्त खळीच्या जागी प्लास्टर. लिन वेस्टकॉट या संपादकांनी ती 'मॉडेल रेलरोडर'मधून घराघरांत पोहोचवली. म्हणजे या पद्धतीतला निम्मा भाग तुझ्या हातात आधीपासून आहे.

करून बघायची असेल तर अशी कर. लाकडी चौकटीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विण, पट्ट्या स्टेपलरने ठोक. उतार मनासारखा होईपर्यंत पट्ट्या वाकवत राहा, हीच वेळ आहे डोंगराचा आकार ठरवण्याची. जिथे पोकळी वाटते तिथे वर्तमानपत्राचे बोळे कोंब. मग प्लास्टर ऑफ पॅरिस साधारण सायीइतके दाट कालव आणि त्यात हातरुमालाच्या आकाराचे जाड टिश्यू कागद बुडवून, एकावर एक चढवत अंथर. दोन थर पुरतात. पाण्यात प्लास्टर टाकायचे, प्लास्टरमध्ये पाणी नाही, नाहीतर गुठळ्या होतात. भांडे लहान घे, कारण कालवलेले प्लास्टर काही मिनिटांतच धरू लागते आणि एकदा धरले की पाणी घालून जिवंत होत नाही. दुसऱ्या दिवशी आतले बोळे काढून घ्यायचे. उरते ते हलके, कडक कवच, ज्याच्या आत हात घालून वायरी जोडता येतात आणि बोगद्यात अडकलेला डबा काढता येतो. भरीव फोममध्ये हे सुख नाही.

रंगाची जुनी रीत तर मला आजही सगळ्यांत सरस वाटते. कोरडे प्लास्टर आणि कोरडी रंगपूड एकत्र करून, ओल्या पृष्ठभागावर चहाच्या गाळणीतून भुरभुरवायची. वरून पाण्याचा बारीक फवारा. रंग आणि पोत एकाच वेळी येतात, आणि पुढे टवका उडाला तरी खाली पांढरे दिसत नाही. अमेरिकन लेखक पूड रंगाच्या दुकानातून आणत. आपल्याकडे काव आहे, पिवडी आहे, काजळी आहे. आणि गोव्याचा डोंगर करायचा तर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, पूड यापेक्षा चांगला रंग जगात कुठे विकत मिळणार नाही. चिरे कापतात तिथून मूठभर आण, वस्त्रगाळ कर. त्यानंतरची एक पायरी मात्र चुकवायची नाही. कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्या पुडीतून बऱ्याचदा फिरव. आपल्या मातीत लोह आहे, चुंबकाला चिकटणारे कण सापडतील. ते रुळांजवळ राहिले तर इंजिनाच्या मोटरचे चुंबक ते ओढून घेते आणि मोटर खराब होते. जुन्या लेखांतही माती वापरण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवायला सांगितलेले असे. आमच्या खाणपट्ट्यातल्या धुळीला तर तो सल्ला दुप्पट लागू.

रुळांचे म्हणशील तर सगळे हाताने घालू नकोस. पण एक सांधा, म्हणजे जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, एकदा तरी स्वतः बनव. ब्रिटिश अंकांत याची सोपी रीत आहे आणि तिचे सामान पणजीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. तांब्याचा पत्रा चढवलेला पीसीबी बोर्ड घे, त्याच्या अरुंद पट्ट्या काप. हे झाले स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या. त्यावर रूळ सरळ सोल्डर करायचा. प्रत्येक पट्टीच्या मधोमध कानसेने तांब्यावर चीर पाडायची, नाहीतर दोन्ही रूळ पट्टीतून जोडले जाऊन शॉर्ट होतो. चीर पाडलीस की मीटर लावून तपास, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. सांधा बनवताना चाकाची कड कुठून जाते, रुळात फट किती हवी, हे बोटांना समजते. मग तयार रुळांवर गाडी का घसरते, हे तुला कुणाला विचारावे लागणार नाही. तू इंजिनीअर होणार आहेस, तुला याहून वेगळे कारण सांगायला नको.

मीटरगेजच्या काळात माझी नोकरी कुळे–कॅसलरॉक घाटात झाली. आता निवृत्त आहे. दूधसागरचा तो भाग छोट्या रूपात करायची फार इच्छा आहे. जुन्या अंकांतले नकाशे बघतो, पण मापे जुळत नाहीत. कुठले प्रमाण घ्यावे? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, वास्को)

साहेब, तुमचे पत्र वाचून आनंद झाला. १८८० च्या दशकात घातलेला तो मीटरगेज मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. तो लहान रूळ ज्यांनी रोज पाहिला, त्यांनीच हे काम करावे.

मापे जुळत नाहीत, याचे कारण त्या अंकांतले जवळपास सगळे नकाशे १४३५ मिलिमीटरच्या रुळासाठी (म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतरासाठी) आहेत. अमेरिकन एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढे; रूळ १६.५ मिमी. तुमचा मीटर ८७ ने भागला की साडेअकरा मिमी येतात. युरोपात स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्यांसाठी १:८७ मध्ये १२ मिमीचे तयार रूळ मिळतात, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तुम्ही हेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. माणसे, झाडे, मोटारगाड्या १:८७ मध्ये भरपूर मिळतात, डबे मात्र स्वतः करावे लागतील. (कुणाला आजचा ब्रॉडगेज करायचा असेल तर उलट १:१०० घ्यावे. १६७६ मिमीला १०० ने भागले की एचओच्या तयार रुळाजवळ जाते, आणि आयसीएफचा (चेन्नईच्या डब्यांच्या कारखान्याचा) २१.३ मीटरचा डबा २१ सेंटिमीटरचा होतो. हिशेबाला सोपे.)

जुन्या अंकातला आराखडा वापरायचा असेल तर झेरॉक्सवाल्याला टक्के सांगा. १:४८ चे चित्र १:८७ ला आणायचे तर ५५ टक्के. ब्रिटिश १:७६ चे आणायचे तर ८७ टक्के. काढून झाल्यावर चित्रावर छापलेले एखादे माप पट्टीने तपासा, कारण यंत्रे थोडे इकडेतिकडे करतात. मूळ अंक टेबलावर घेऊन काम करू नका.

आता घाट. १:३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर जाताना एक मीटर वर, तुम्हाला मी काय सांगणार? छोट्या रेल्वेत तो आकडा तसाच ठेवता येतो, पण त्याला जागा लागते. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर तरी उंची हवी, म्हणजे पावणेतीन मीटरहून जास्त लांबीचा चढ. शिवाय वळणावर गाडी आणखी जड होते, हे छोट्या चाकांनाही लागू आहे. म्हणून वळण मोठे घ्या आणि गाडी आखूड ठेवा. मागे बँकर इंजिन लावायचे मनात असेलच. दोन्ही इंजिनांचा वेग मोकळ्या रुळावर आधी जुळवून घ्या, नाहीतर मागचे ढकलते आणि मधला हलका डबा वळणावर उचलला जातो.

आणि धबधबा. दूधसागर ३१० मीटर धरला तर १:८७ मध्ये साडेतीन मीटर होतो, घराच्या छतापेक्षा उंच. इथे जुने अंक खरोखर मदतीला येतात. त्या काळी सगळ्यांचीच जागा तोकडी होती, त्यामुळे उंची आणि लांबी कशी आवळायची यावर त्यांत फार चांगले लिखाण आहे. पूल आणि त्याच्या जवळचे पाणी मापात करा. पुलाच्या वरचा भाग जसजसा मागे जाईल तसतसा लहान करा, झाडे बारीक, खडकांच्या भेगा बारीक, रंग फिकट आणि निळसर. सगळ्यांत वरचा टप्पा मागच्या पडद्यावर नुसता रंगवा. जुने लोक पाणी व्हार्निशच्या थरांनी करत, त्याला पिवळेपण येते. तेवढ्यापुरते नवे घ्या. मासळीच्या टाकीला लावतात ते पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकच्या कागदावर उभ्या रेघांत ओढा, सुकल्यावर सोलून कड्याला चिकटवा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा रंग फिरवा.

तुमच्याकडे त्या काळचे फोटो नसतील तर जे आठवते ते आधी कागदावर काढा. पाण्याचा पंप कुठे, सिग्नलचा खांब कुठल्या बाजूला, गँगमनच्या खोलीचे दार कुणीकडे. कुठल्याही अंकात हे मिळणार नाही.

काका, मी आठवीत आहे. आजोबांनी एक जुना अंक दिला, त्यात कार्डबोर्डचा मालडबा कसा करायचा ते आहे. पण त्यात सांगितलेले कार्ड मडगावात मिळत नाही. माझ्याकडे खर्चायला पैसेही फार नाहीत. (एक विद्यार्थिनी, मडगाव)

बाळ, लग्नपत्रिका गोळा कर. जाड, गुळगुळीत, आतून कोरी असलेली पत्रिका या कामाला एकदम चांगली.

एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्यातले ८७ सेंटिमीटर, एवढे लक्षात ठेव. तुझे आजोबा उभे राहिले तर साधारण दोन सेंटिमीटरचे होतील. तो माणूस कार्डावर काढून जवळ ठेव आणि दार, पायरी, हँडल त्याच्याकडे बघून ठरव.

आधी सगळ्या बाजूंवर फळ्यांच्या रेघा मार, मग काप. रेघ मारायला शाई संपलेले बॉलपेन घे आणि पोलादी पट्टीला टेकवून जरा दाबून ओढ. कागद कापला जात नाही, खाच पडते. खाचांमधले अंतर दोन मिलिमीटर ठेव. सगळ्या सारख्या आल्या नाहीत तर बिघडत नाही, जुन्या डब्याच्या फळ्याही सारख्या नसतात. कापताना एका झटक्यात कापू नको, हलक्या हाताने तीन-चारदा सुरी फिरव. सुरी चालवताना घरातले मोठे कुणी जवळ हवे.

आता ब्रिटिश अंकांतली एक जुनी युक्ती, आपल्या हवेसाठीच काढल्यासारखी आहे. सुताराकडे लाखेचे पॉलिश असते, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कापलेल्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी त्याचा पातळ हात दे. कार्ड ते पिऊन घेते आणि लाकडासारखे टणक होते, पावसाळ्यात वाकत नाही. एकाच बाजूला लावलेस तर मात्र पापडासारखे वळेल. खिडकी उघडी ठेव, आणि जवळ दिवा किंवा गॅस पेटता नको.

डबा चालवायचा असेल तर वजन हवे. अमेरिकेतल्या छंदी मंडळींच्या संघटनेचा एचओसाठी नियम आहे, आधी २८ ग्रॅम आणि मग लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. दहा सेंटिमीटरचा डबा साधारण ८५ ग्रॅमचा व्हायला हवा. लोखंडी वायसर तळाला चिकटव, दोन्ही टोकांना सारखे.

जुन्या लेखांतले सगळेच जसेच्या तसे करावे का? (पेडणे)

नाही. तीन गोष्टींना हात लावू नका. रूळ पुसायला कार्बन टेट्राक्लोराइड सांगितलेले असते. ते यकृताला घातक आहे, त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या. डोंगराच्या मिश्रणात अ‍ॅस्बेस्टॉसची पूड सांगितलेली असते. ती फुप्फुसात जाते आणि तिथून निघत नाही, त्या जागी कागदाचा लगदा वापरा. तिसरे, घरच्या विजेवर चालणारा कंट्रोलर, म्हणजे गाडीचा वेग कमीजास्त करणारी पेटी, घरी बांधण्याचे लेख. वाचायला फार छान आहेत, पण बांधू नका. बाजारातला बंद १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर घ्या आणि त्याच्या पुढचे काय ते बांधा. शिशाची सोल्डर वापरलीत तर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

माझ्याकडचे अंक विकले तर किती येतील? (म्हापसा)

फार नाही. ही मासिके भरपूर छापली जात, त्यामुळे सुट्या अंकाला भाव थोडा असतो. संपूर्ण वर्षाचा संच असेल तर तो फोडू नका, कारण लेख बरेचदा तीन-चार अंकांत विभागलेले असतात आणि मधला एक गेला की बाकीचे अडून बसतात. विकायचेच असतील तर आधी सावर्ड्याच्या ताईंना विचारू. त्यांच्या ट्रंकेत कुठले महिने कमी आहेत, ते त्यांनी कळवावे. पुढच्या अंकात यादी छापतो.